वाचवलेले डोळे कुठे मोजलेत?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या रुग्णालयाचे संचालक, देशाच्या कर्करोग मोजणी कार्यालयातून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरचे मान्यवर, सहकारी डॉक्टर, माझ्या परिचारिका भगिनी आणि मागच्या रांगांत अंग चोरून बसलेले माझे पेशंट, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ता एवढं कौतुक केलं, की ही बाई कोण ते बघायला मीही मान वळवली. ते माझ्याच हाताखाली शिकले. तेव्हाही रजा मागायची असली की असेच गोड बोलायचे. त्याच गोड आवाजात त्यांनी सकाळी मला आणि मघाशी तुम्हाला सांगितलं, की माझ्या निवृत्तीबरोबर डोळ्याच्या कॅन्सरचा वेगळा विभाग बंद होणार. का? पाहुण्यांच्या कार्यालयाचा अहवाल म्हणतो, देशात हा आजार मुळात कमी, आणि दरवर्षी आणखी कमी होतोय. टाळ्या पडल्या. कॅन्सर कमी झाला म्हटल्यावर कोण वाजवणार नाही?

मी नाही वाजवल्या.

आजार दुर्मीळ आहे, कबूल. दहा लाखांत मोजकीच माणसं. पण कमी होतोय? चहाच्या वेळी पाहुण्यांना विचारलं, तुम्ही मोजता कसं? भला माणूस, सरळ सांगून टाकलं. "गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासलेला असला, तर मोजतो. नाहीतर नाही."

आता आली का पंचाईत? डोळ्याच्या आतल्या गाठीचा तुकडा आम्ही सहसा काढतच नाही, डोळ्याला धोका असतो. आत बघून, सोनोग्राफी करून निदान पक्कं करतो, आणि किरणांची छोटी चकती काही दिवस डोळ्याला शिवून गाठ जागच्या जागी मारतो. मी नोकरीला लागले तेव्हा अख्खा डोळाच काढायचो. तो प्रयोगशाळेत जायचा आणि माणूस मोजला जायचा. म्हणजे डोळा गेला की तुम्ही मोजणीत, वाचला की बाहेर! आम्ही हात सुधारला तसा कागदावरचा आजार घटला, आणि आता तोच कागद दाखवून आमच्याच दाराला कुलूप.

मागे आमचे शिंपीदादा बसलेत, अशाच चकतीनं डोळा वाचलेले. माझं हे जॅकेट त्यांनीच शिवलंय, सुईसुद्धा स्वतः ओवून. त्यांना मी ही मोजणी समजावली, तर म्हणाले, "म्हणजे डॉक्टरबाई, मला कॅन्सर झालाच नाही? मग आमची ही एवढी रडली ती फुकटच की!" वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी असं पाहिलं, की दादांना कॅन्सर परवडला असता. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "विभाग गेल्यावर यांना तपासायचं कोणी?" ही गाठ कित्येक वर्षांनी यकृतात डोकं वर काढू शकते, हे त्या विसरलेल्या नाहीत.

मी चार गोड वाक्यं पाठ करून आले होते. ती तिथेच गेली. मला राग आलाय, अध्यक्षमहाराज, आणि तो लपवायचं माझं वय राहिलं नाही.

सर्वसाधारण नेत्रविभागात चांगले डॉक्टर आहेत. पण चकती शिवायची सोय नसेल तर ते बिचारे काय करतील? डोळा काढतील. मग पाहुण्यांचा आकडा फुगेल, आणि कोणीतरी नवा विभाग उघडायचा प्रस्ताव मांडेल. तोवर गेलेले डोळे कुठून आणायचे?

तेव्हा पाहुणे, डोळ्यापुरतं तरी डॉक्टरच्या निदानावर मोजा. आणि अध्यक्षमहाराज, तोपर्यंत विभागाला हात लावू नका. उद्यापासून मी निवृत्त, म्हणजे मला गप्प बसवायला वरिष्ठच उरला नाही. सोमवारी विभागाच्या दारातल्या बाकावर मी बसलेली असेन. एकटी नसेन.

मागच्या रांगांतल्यांनो, जरा उभे राहता का? हां, दादा, तुम्हीसुद्धा. पाहुणे, ही तुमच्या अहवालात नसलेली माणसं. सगळी तुमच्याकडेच बघताहेत.

माझ्या परिचारिकांनी माझा चिडका स्वभाव इतकी वर्षं सोसला, त्यांची मी ऋणी आहे. आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मोजण्यातलं कमी मात्र मी पोटात घालणार नाही. आणि मंडळी, तुम्ही बसू नका अजून. पाहुण्यांचं मोजून व्हायचंय.