बंद न केलेलं विंडोज

हसू नका, पण माझ्या कॉम्प्युटरात विंडोज आन् लिनक्स दोन्ही हायेत, आपली आपण शिकले. एकदा आमच्या ह्यांच्या आवाजाचं फोल्डर उघडेना. हे जाऊन तीन वर्षं झालेली.

शिरूरचा दुरुस्तीवाला म्हणाला, “आज्जी, डिस्कवरची फायलींची यादी बिघडलीय. सगळं पुसून फॉरमॅट मारू.”

“हात तर लावून बघ!”

“दोन-दोन सिस्टिम कशाला लागतात तुम्हाला?”

“तुला दोन हात कशाला लागतात?”

चूक मात्र माझीच होती. विंडोज पुरतं बंद न करता, नुसतं झोपवून, मी लिनक्समधून त्याच फोल्डरात फायली टाकल्या होत्या. घरी येऊन विंडोजमधून डिस्क तपासली. फायली परतल्या, पण नावांच्या जागी आकडे. एकेक वाजवत गेले. सातव्या फायलीत हे बोलले, “अगं, विहिरीवरची मोटार नीट बंद केलीस का?”

“न्हाई केली. चुकलं माझं,” मी म्हणाले. ते असताना मी एकदाही असं म्हणाले नव्हते.