तळव्यांखालचा सा

काय सांगू तुम्हाला, मी मूळची फुलंब्रीची. वडील देवळात भजनाला पेटी वाजवायचे, गाणारा अडखळला की पुढचा सूर आधीच दाबून द्यायचे, आणि तीच खोड माझ्या बोटांत उतरली. त्याच बोटांच्या जोरावर मी शहरातल्या शाळेत संगीताची बाई झाले.

पुढं नव्या शिक्षकांना सांभाळून घ्यायचं म्हणून आम्हा जुन्यांचं प्रशिक्षण निघालं. आम्ही संगीतवाले लई हसलो, कारण शिकवणारे सर गणिताचे; म्हणाले, नव्या बाईंच्या तासाला मागं बसा, मध्ये पडू नका, तास संपला की आधी त्यांनाच विचारा, काय वाटलं. मी शेजारच्या तबल्याच्या गुरुजींना म्हटलं, गाणं बुडताना नुसतं बघत बसायचं व्हय? ते म्हणाले, बसा की बाई, इथला चहा बरा आहे.

मग आमच्या शाळेत शबाना नवी संगीताची बाई म्हणून आली, गंगापूरची, गळा ताज्या उसाच्या रसासारखा. तिच्या पहिल्याच तासाला मी मागं बसलेली, पोरांचा सूर खाली घसरला, पेटी माझ्यापुढंच होती, बोटं गेलीच. पोरं सावरली, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या आणि फळ्यापाशी शबाना एकटी उभी राहिली. तास सुटल्यावर म्हणाली, बाई, बच्चे तो आपकेच हैं, माझं काय काम, राजीनाम्याचा अर्ज लिहिलाय, उद्या देते.

मला ते गणिताचे सर आठवले, लाज वाटली. म्हटलं, अजून एक तास घे, मी पेटीला शिवणार नाय.

दुसऱ्या दिवशी पेटीचा भाता मिटला, आकडा लावला, आणि मागच्या बाकावर हातांचे दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसले. सूर पुन्हा घसरला, काय सांगू, बोटं नुसती वळवळत होती. शबानानं पोरांना थांबवलं. म्हणाली, गाणं राहू द्या, छातीवर हात ठेवा, तोंड मिटून नुसता सा धरा. आधी दोघा-चौघांचा, मग सगळ्या खोलीचा सा लागला, आणि बाकाच्या लाकडातून थरथरत माझ्या तळव्यांत चढला. मागं वळून एकानंही पाहिलं नाही.

तास संपल्यावर मी विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, माझं सोडा, तुमच्या हातांना मुंग्या आल्या असतील! अर्ज तिनं तिथंच फाडला.

आता मी रिटायर होऊन घरी असते, आणि नव्या बाईंच्या तासाला मागच्या बाकावर शबाना बसते. फोनवर सांगते, बाई, बोटं लई वळवळतात. मी म्हणते, दाबून धर पोरी, आणि सुखात राहा. तुझ्याही तळव्यांना असाच सा लागो.