डोळ्यांची तोंडी परीक्षा

माझ्या नवऱ्याला काय म्हणावं, तूच सांग! आमची ईरा तीन वर्षांची झाली म्हणून वॉर्ड ऑफिसकडून दात आणि डोळे तपासायला बोलावणं आलं. इथे जपानमध्ये डोळ्यांची चाचणी आधी घरीच करायची असते. आपण लांबून एका बाजूला फट असलेला गोल दाखवायचा, तो कुठल्या बाजूने उघडा आहे ते पोरीने सांगायचं. म्हटलं, एवढं तरी हा करेल. उजवा डोळा झाकला की ईरा चुकायची. तर ह्याने आठवडाभर बसून तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली आणि फॉर्मवर लिहिलं, सगळं बरोबर!

फुनाबोरीच्या आरोग्य केंद्रात तपासणीच्या दिवशी नर्सने कार्ड काढायच्या आत ईराने हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि शुभंकरोतीच्या चालीत सुरू केलं, "वर, खाली, उजवीकडे, डावीकडे!"

हे काय चाललंय ते नर्सला जपानीत समजावून कोणी सांगायचं? मी! तिने पुन्हा तपासलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर मी ओरडले, "अरे, तिला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाहीये!"

तर हा म्हणतो कसा, "पण पाठांतरात एक तरी चूक झाली का?"