एक पट्टी खाली

हॅलो?… हां, बोला… व्हय, सोलापूर, नवी पेठ. मीच सिद्रामप्पा… धारवाडचा ट्रंक कॉल? जोडा की बाई, जोडा!

हॅलो! रुद्रप्पा?… ऐकू येतंय रे, वरडू नको… मी बरा हाय… जेवलो की. सकाळचीच भाकरी होती, शेंगाचटणी होती. एकट्याला किती लागतंय?… बरं, ते राहू दे. माझी कार्डं पोचली का? तोडीच्या रेकॉर्डींची?… पोचली. मग?

काय चुकलं?… सगळीच?

आरं सावकाश सांग… हां… हां, ती रेकॉर्ड तुझ्याकडं बी हाय, माझ्याकडं बी हाय. नंबर तोच, गाणारी बाई तीच, राग तोच… मग सूर कसा वेगळा येईल? मी पेटीवर बोट ठेवून बाईंचा सूर कार्डावर लिवलाय, पट्टी पांढरी पाच… तुझ्यात काळी चार?… मिरजेला बाळासोंच्यात बी काळी चार?

छे, पेटी न्हाई उतरली. आत्ता दिवाळीला लावून घेतली… दुसरी कुठली?… ती बी?… आणि भूपाची?… म्हणजे माझं समदंच एक पट्टी खाली?

बाळासो काय म्हणाले?… खरं सांग… सोलापूरची कार्डं सूचीतनं काढून टाका?

आरं असं कसं काढून टाका! तिघांच्या घरातल्या रेकॉर्डी, तिघांची मिळून एक सूची, हे ठरवलं कुणी? आपणच की. एकानं कार्ड लिवायचं, दोघांना नक्कल धाडायची… व्हय, एकाची चूक तिघांच्या डब्यात जाऊन बसती, कळतंय मला. पण रुद्रप्पा, तुझी अक्का गेली तवा तूच म्हणालास न्हवं, भावोजी, रिकामं बसू नका, हे काम घ्या अंगावर? आता मी करू काय? माझ्या दारात पोस्टमन येतो तो तुमच्या कार्डांपायी. बाकी कोण येतंय?… न्हाई, रडत न्हाई. सर्दी झालीय.

काय बघू?… ग्रामोफोन मशीनचा वेग? चावी रोज भरतो की, पुरी भरतो… काटा? कसला काटा?… तबकडीच्या बाजूला… थांब, मशीन हितंच हाय. चष्मा कुटं गेला… ठेवू नको हं फोन.

हां, सापडला. लई बारका हाय रे… अठ्ठ्याहत्तरावर पायजे? हा चौऱ्याहत्तरावर हाय… म्हणजे रेकॉर्ड सावकाश फिरती, म्हणून सूर खाली उतरतो?

मी न्हाई हलवला! सिद्धेश्वराशपथ! तो काटा कशाचा हेच मला आत्ता कळतंय. चावी भरायची मी, बाकी रेकॉर्ड लावायची, काढायची, पुसायची सगळं तुझ्या अक्काकडं. मी आपला पलंगावर बसून ऐकणार… थांब थांब. आकड्याशेजारी पिवळं बोट उमटलंय… हळदीचं.

रुद्रप्पा… हे तिनं केलंय.

ऐक की. आधी ऐक. सैपाक करता करता रेकॉर्डीबरोबर गायची ती, ठाऊक हाय न्हवं तुला? शेवटच्या वर्षी धाप लागायची. मी म्हणायचो, चल, डॉक्टरकडं जाऊ. तर म्हणायची, रेकॉर्डीतल्या बाईंच्या बरोबरीनं आवाज लागतोय न्हवं माझा, मग डॉक्टर कशाला? आणि लागायचा रे! मी सोताच्या कानानं ऐकायचो. मी म्हणायचो, आवाज हाय तवर काळजी न्हाई… तिला वर जाता येईना, म्हणून तिनं बाईंनाच खाली आणलं. मला कळू नये म्हणून. आणि मी येडा, शेजारी बसून मान डोलवत होतो!

आरं, तू रडू नको. तू रडलास तर माझं काय व्हावं?

हां… करतो. तू म्हणतोस तर अठ्ठ्याहत्तरावर करून बघतो. रिसीव्हर मशीनपाशी धरतो, तू बी ऐक… लागली… येतंय ऐकू?

केवढी वर गेली रे बाई! खणखणीत… व्हय, हेच बरोबर. काळी चारच.

पण हिच्याबरोबर तुझ्या अक्काला न्हाई गाता यायचं.

बंद केली… न्हाई, काटा परत खाली घेतला… घेतला म्हणजे घेतला. बाळासोंना सांग, माझी कार्डं खुशाल फाडा. मी रेवणसिद्धाच्या रेकॉर्डींच्या दुकानात जातो, त्याच्या मशीनवर एकेक रेकॉर्ड लावून नव्यानं सूर बघतो, सगळी कार्डं परत लिवतो. सूचीत माझी चूक राहणार न्हाई. पण घरातलं हे मशीन चौऱ्याहत्तरावरच वाजणार. चुकीचं तर चुकीचं. मला तसंच ऐकायचंय.

काय म्हणालास?… तुटतंय रे… बाळासो काय?… सूचीत राहू देतील का माझं नाव?

हॅलो?… रुद्रप्पा?

कोण, बाई तुमी?… वेळ संपली? वाढवा की… तिकडनंच लाइन गेली? मग परत जोडा… आज न्हाई?… बरं.

बाई, ठेवू नका जरा… गाणं ऐकता का तुमी?… न्हाई, तसं न्हाई, काही काम न्हाई. एकच रेकॉर्ड लावतो. माझी बायको गायची हिच्याबरोबर… लावू?

हॅलो?… बाई?…