स्टिक पडली तरी ठेका चालूच

नाही, ती पिशवी आधी उचला त्या कापडावरून. गिऱ्हाइकाचे पडदे आहेत, सुरकुती पडली की मलाच परत इस्त्री घेऊन बसावं लागतं. खाली ठेवा. आत काय आहे ते मला बघायचं नाही— बँडचं नाव छापलेला टी-शर्ट असेल, कप असेल. मागे कुरिअरने पाठवला होतात ना एक कप, त्यात मी मोडक्या सुया टाकते. बसा. आणि आवाज जरा खाली ठेवा, आत दादा झोपलाय— व्यायाम घेणारी बाई येऊन गेली की त्याचा डोळा लागतो. हं, तुम्ही काय म्हणत होतात? लेख काढून टाका. एवढंच ना? मग सरळ म्हणा की. मघापासून 'थोडा गैरसमज झालाय ताई' कशाला चाललंय? गैरसमज कुणाचा? माझा तर नाही. जे ऐकलं ते लिहिलं.

तुम्ही मॅनेजर झालात आत्ता आत्ता, म्हणून सांगते. मी ब्लॉग सुरू केला तेव्हा तुमच्या या बँडला मॅनेजर नव्हता, काही नव्हतं— चार जण आणि एक भाड्याचा टेम्पो. माझा दादा ड्रम वाजवायचा आणि टेम्पोही तोच चालवायचा. हॉटेलच्या मागच्या खोलीत वाजवायचे, समोर लोक पाठ करून जेवत बसलेले, चमच्यांचा आवाज गाण्यापेक्षा मोठा. मला चीड यायची— माणसं इतकं जीव तोडून वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी कुठे एक ओळ नाही, म्हणजे झालंच नाही असं? म्हणून लिहायला लागले. शिलाई आटोपली की बसायचं. नाव दिलं 'मागच्या रांगेतून', कारण मी मागेच उभी असते, ड्रम मागून नीट कळतो. वाचणारे किती? हसाल तुम्ही. एक नर्स आहे, एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर आहे, हॉलचा लाइटवाला आहे— अशी माणसं. पण वाचतात, माझं चुकलं की लगेच कळवतात. नियम एकच, स्वतः उभं राहून ऐकल्याशिवाय एक शब्द लिहायचा नाही. आणि तुम्ही मला काय पाठवलं होतंत, आठवतंय? तयार लेख. कार्यक्रमाच्या आधी. 'प्रेक्षक बेभान झाले.' कधी झाले? हॉलच्या खुर्च्या अजून पुसायच्या होत्या. बाकीच्यांनी लावलाही तसाच्या तसा, स्वल्पविरामासकट— सगळीकडे प्रेक्षक एकाच वाक्यात बेभान. मला तर वाचताना हात धुवावेसे वाटले.

असो. दादाला झटका आला तो अल्बम बाहेर येण्याच्या तोंडावर. स्टुडिओतलं त्याचं काम संपलं होतं, ड्रम सगळे वाजवून झाले होते, आणि एका सकाळी दात घासताना डावी बाजू गेली. ब्रश उजव्या हातात तसाच, तोंडातून फेस गळतोय, आणि माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करतोय— अर्ध्याच तोंडाने. बँड आला बघायला. एकदा. मोठा गुच्छ घेऊन. तुमचा तो गायक पलंगाशी बसला, दादाचा बरोब्बर गेलेला हात हातात घेतला— दुसरा घेतला असता तर दादाला कळलं तरी असतं— आणि म्हणाला, 'तुझी जागा रिकामी आहे, कोणी बसणार नाही तिथे.' गुच्छातली फुलं टवटवीत होती अजून, तेव्हा नव्या ड्रमरचा फोटो आला. केसवाला. मी त्याला केसवालाच म्हणते. केस चांगले आहेत, मान्य करते.

बरं, तेही मी पोटात घातलं. कार्यक्रम थांबत नाहीत, कळतं मला. दादाने मात्र घरात त्या अल्बमचं नाव काढू दिलं नाही. कुणी आणून दिला तर म्हणाला, उचल तो इथून. ऐकला नाही तो नाहीच. ब्लॉगही मीच वाचून दाखवायचे, कारण त्याला अक्षरं पळाल्यासारखी दिसतात. आणि मग मी तुमच्या कार्यक्रमाला गेले, नव्या माणसाला ऐकायला. खरं सांगू? नावं ठेवायलाच गेले होते. मागे उभी राहिले, खांबाला टेकून. पुढे सगळे फोन वर करून उभे— मला स्टेज दिसेना, नुसते लहान लहान पडदे, प्रत्येकात तो गायक. तेही किळसवाणंच, पण ते सोडा. डोळे मिटले. आणि ड्रम सुरू झाला, आणि तो दादा होता.

नाही, 'सारखा' नव्हे. सारखं वाजवणं वेगळं. दादाचा डावा हात एक केसभर उशिरा पडतो. लहानपणापासून. आई ताट वाढताना तो पाटावर वाजवायचा तेव्हापासून मी ते ऐकलंय. सगळे त्याला बोलायचे त्यावरून, तुमचा गायक तर सगळ्यात जास्त— आणि दादा म्हणायचा, उशिरा नाही, हात मात्रेला टेकून पडतो. तो टेकून पडलेला हात मला ऐकू आला. मी डोळे उघडले, माणसांना कोपरं मारत पुढे गेले. केसवाला हात उडवतोय, घाम उडवतोय, आणि मधल्या त्या संथ गाण्यात त्याच्या हातातून स्टिक निसटली. खाली पडली. तो वाकला, शोधली, उचलली, केस मागे केले— आणि ठेका चालूच. एक मात्रा चुकली नाही. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. त्यांना वाटलं, वा, काय माणूस आहे. बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिले. माझा भाऊ घरी उजव्या हाताने शर्टाचं बटण लावायला शिकतोय, आणि त्याचा स्टुडिओत रेकॉर्ड झालेला डावा हात तुम्ही स्टेजवर मशीनमधून वाजवताय, वर दुसऱ्याचे केस लावून.

हो, हे सगळं लेखात आहे, ठाऊक आहे मला, मीच लिहिलाय. जे लेखात नाही ते सांगते. म्हणजे— सांगणार नव्हते. पण त्या संध्याकाळी मी घरी आले तर दादा जागा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने विचारलं, 'कसा वाजवतो तो?' माझ्या फोनवर रेकॉर्डिंग होतं, नेहमीच करते, लिहिताना लागतं. म्हटलं, तूच ऐक. वाटलं, ऐकेल आणि ओळखेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. फोन त्याच्या उशीशी ठेवला. ऐकलं त्याने, सगळं, मान न हलवता. आणि म्हणाला, 'पोरगं चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे.'

तुम्ही म्हणाल, स्वतःचा हात ओळखू आला नाही? नाही आला. तुम्ही स्वतःचा आवाज फोनवर ऐकलाय ना? कोणाचा वाटतो? आणि तो कायम ड्रमच्या मागे बसलेला, समोरून त्याने स्वतःला कधी ऐकलंय. शिवाय आजारपणात माणूस स्वतःला इतकं खालचं समजायला लागतो, की चांगलं काही कानावर पडलं तर ते दुसऱ्याचंच असणार. थोड्या वेळाने म्हणाला, 'एक खोट आहे. डावा हात उशिरा पडतो. त्याला सांग कुणीतरी.' मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पण दुसऱ्या दिवशी तो उठून बसला होता. आपण होऊन. म्हणाला, परत लाव. उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला. मग पुढच्या कार्यक्रमाचं विचारायला लागला, जाणार ना, पुढे उभी रहा, फोन वर धर. म्हणजे मीही त्या फोनवाल्यांतलीच झाले बघा. प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून मला सांगतो— इथे घाई केली, इथे छान थांबला, हे लिही, ते लिही. त्या पोराला घडवतोय तो. जेवायला लागला नीट. व्यायामवाल्या बाईला म्हणतो, मला जरा बरं होऊ दे, एका मुलाला शिकवायचंय. आणि मी त्याला लेख वाचून दाखवते, पण तो नाही जो तुम्ही वाचलाय. दुसराच. वाचता वाचता तिथल्या तिथे रचते. माझ्याच ब्लॉगच्या नावाखाली मी 'पोराची प्रगती' वाचून दाखवते. ज्या बाईचा नियम आहे, ऐकल्याशिवाय एक शब्द नाही.

काय? सन्मान? त्याला स्टेजवर आणायचं— खुर्चीत बसवून, मधोमध, दिवा टाकून, आणि गायक रडणार का त्याच्या खांद्यावर? डोळे पुसायला रुमालही छापून घ्याल तुम्ही. असलं या घरात परत बोलू नका. सुचलं तरी कसं? नाही, पोस्टरवर नावही नको. श्रद्धांजलीसारखं दिसेल. जिवंत आहे तो.

तो रेकॉर्ड केलेला ट्रॅक बंद कराल? पुढच्या, शनिवारच्या कार्यक्रमापासून? केसवाला स्वतः वाजवेल, सराव चाललाय म्हणता. बरोबर आहे. तेच करायला हवं, तेच लिहिलंय मी. फक्त— शनिवारीच नको. म्हणजे एकदम नको. दादा वाट बघतोय, त्याने मला सांगून ठेवलंय कुठल्या गाण्याला कान द्यायचा ते, आणि तो केसवाला खरंच वाजवायला लागला तर दादा एका क्षणात ओळखेल, म्हणेल, हे कोण बसवलंय, माझं पोरगं कुठे गेलं— नाही, थांबा. मी काय बोलतेय हे मला कळत नाहीये. लेख लिहिला मी, ट्रॅक बंद व्हावा म्हणून, आणि आता मीच तुम्हाला—

काय म्हणालात? परत म्हणा. 'मग राहू दे ना ताई. त्यांनाही बरं वाटतंय, आमचंही चालतंय, तुम्ही लेख काढा, कुणालाच काही कळायची गरज नाही.'

हं.

हेच मी करतेय, नाही का? अगदी हेच. त्याला बरं वाटतंय, कुणाला कळायची गरज नाही. माझ्या तोंडी ते माया वाटत होतं मला. तुमच्या तोंडून ऐकलं आणि त्या हॉलमधल्या टाळ्या परत ऐकू आल्या बघा. म्हणजे तुम्ही स्टेजवरून जे विकताय तेच मी इथे त्याच्या उशीशी वाजवतेय. तुम्हाला निदान लोक टाळ्या तरी देतात, मी त्याच्याकडून शाबासकी घेते— 'छान लिहिलंस' म्हणतो मला, आणि मी घेते. शी.

उठा. नाही, रागावले नाही, तुमच्यावर तर नाहीच आता, तेवढी ताकद नाही. लेख राहील. ट्रॅक शनिवारी बंद करा, ठेवा, जाळा, तुमचं तुम्ही बघा. दादा शिव्या देईल मला, बोलणं सोडेल, परत भिंतीकडे तोंड करून पडेल कदाचित. पडू दे. त्याला कळू दे की ज्याला तो स्वतःपेक्षा चांगला म्हणाला तो कोण आहे. आणि डावा हात खरंच उशिरा पडतो, हेही त्यानेच कबूल केलंय— त्याबद्दल भांडेल तो, नक्की भांडेल.

पिशवी घ्या. बूट बाहेर जाऊन घाला, जिन्यात. आणि दार ओढून घ्या जाताना.

दादा, उठलास का? नाही रे, एक माणूस आला होता, गेला. ऐक ना, तो फोन दे इकडे, एक लेख वाचायचा राहिलाय, आणि जरा सरकून बस.