सात नंबरच्या प्लॉटातला हार

आजच्या सभेचे अध्यक्ष श्री. श्यामसुंदर देवधर, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मंडळाच्या कार्यवाह मंदाकिनीताई खरे, सत्कारमूर्ती डॉ. वृंदाताई परांजपे, आणि रविवारची झोप मोडून बालीगंजच्या या सभागृहात आलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मंदाकिनीताईंनी टेबलावरचं घड्याळ माझ्याकडे वळवलंय, ते मला दिसतंय.

वृंदाताई इथल्याच, कोलकात्यात, या बालीगंजातच जन्मलेल्या. मी चारुदत्त, बदलीवर आलेला. बराकपूरच्या पुढे आमचं माती संशोधन केंद्र आहे. तिथे त्या शास्त्रज्ञ आणि मी नऊ वर्षं शेत अधीक्षक. ताईंचं काम काय, असं इथे अनेकजण मला विचारतात. मातीत खसखशीहूनही बारीक किडे राहतात, ते मोजायचे. माती नरसाळ्यात ठेवून वर बल्ब लावतात. उजेड आणि ऊब सोसत नाही म्हणून ते खाली खाली सरकतात आणि शेवटी स्पिरिटच्या बाटलीत पडतात. नांगरलेल्या जमिनीत किती सापडले, औषध मारलेल्या जमिनीत किती, हे ताई सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. तुलनेसाठी सात नंबरचा प्लॉट आहे. बावीस वर्षं तिथे नांगर लागला नाही, औषध पडलं नाही, गळलेलं पान कुणी उचललं नाही. तिथल्या ओंजळभर मातीत चारशे जीव निघायचे.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्यानं निरोपाचा हार घरी न्यायचा नाही, सात नंबरात पुरायचा. वर्षानं मी तो उकरतो. हाती नुसता दोरा येतो, झेंडूची एक पाकळी उरत नाही. तो दोरा आम्ही त्या माणसाला पाठवतो. मातीनं तुम्हाला आपलं म्हटलं, असं ताई त्यावर लिहितात. आमचे जोगळेकरसाहेब तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांच्या पाकिटात तो दोरा अजून आहे.

जोगळेकरसाहेब, तो दोरा तुमच्या हाराचा नाही.

मंदाकिनीताई, मला आणखी दोन मिनिटं लागतील.

तीन वर्षांपूर्वी दिल्लीहून पाहणीला माणसं यायची होती. ताई भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या होत्या. सात नंबर मला नेहमीच गबाळा वाटायचा. शेत कसं, भांग पाडल्यासारखं दिसावं, असा माझा स्वभाव. मी दोनदा रोटाव्हेटर फिरवून सगळी माती उलथली, दाणेदार कीटकनाशक टाकलं. पाहुणे खूश होऊन गेले. ताई येण्याआधी मी पालापाचोळा पुन्हा वर पसरून ठेवला. चार महिन्यांत सगळं पूर्ववत होईल, असं मला वाटलं होतं.

त्या वर्षी जोगळेकरसाहेबांचा हार तिथेच पुरला. पुढच्या वर्षी मी एकटाच उकरायला गेलो. आधी जाणवलं ते हे, की मातीला वास नव्हता. पाणी मारलं तरी आला नाही. गेल्या साली गळलेली आंब्याची पानं आख्खी होती, त्यांच्याखाली त्याच्या आधीच्या सालची, तीही आख्खी. कुणी काही खातच नव्हतं. आणि हातभर खाली हार होता, काल गळ्यातून काढल्यासारखा. मला तो हातात धरवेना. मी तो परत पुरला आणि गरियाहाटच्या फुलवाल्याकडून एक दोरा मागून आणला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. ताईंच्या बाटल्या रिकाम्या यायला लागल्या. स्पिरिट इतकं स्वच्छ असे, की बाटलीआडून पलीकडच्या लेबलावरची तारीख वाचता यायची. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "चारुदत्त, बघा बरं जरा. मला एकही दिसत नाहीये."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत नुसता पांढरा उजेड होता, खूप मोठा. मी म्हणालो, "आहेत की, ताई. पाच-सहा तर सहज."

त्यांनी पुन्हा डोळा लावून पाहिलं. प्लॉटवर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास, दोष नजरेचाच असं त्यांनी धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही दोष नाही म्हणून सांगितलं, तेही त्यांना पटलं नाही. दोन वर्षं नोकरी शिल्लक असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आपण सगळे आज इथे जमलोय ते त्यामुळे. ताई, तुमचे डोळे शाबूत आहेत. बाटली रिकामी होती. अर्ज मागे घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे, आणि मी केलेलं सगळं लिहून सही करून तो कागद अध्यक्षांकडे दिला आहे.

या पिशवीत जोगळेकरसाहेबांचा हार आहे. आज सकाळी काढला. रंग मातकट झालाय, बाकी तसाच आहे. ताई, हा घ्या. तुमच्या गळ्यातला मात्र तिथे पुरू नका.

मंडळानं बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाकीच्या क्षमेचं वृंदाताईंनी ठरवायचं. त्यांनी चष्मा काढून ठेवलाय आणि त्या पाकळ्या मोजतायत. त्यांचं मोजून होईपर्यंत मी इथेच उभा राहतो.