माझी लेव्हल का वाढत न्हाई

हसू नका, पण पोरगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून मी मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळून राह्यलो. तिनंच शिकवला. रविवारी दुपारी जुन्या जालन्यातलं कापडाचं दुकान बंद करतो अन् आम्ही दोघं एका टीममध्ये उतरतो. जितका वेळ टिकलं, जितके दुश्मन पाडले, तितके पॉईंट, अन् त्याच्यावर लेव्हल वाढती. तिची कुठल्या कुठं गेली, माझी जागची हलंना.

"पप्पा, माझ्या ऑफिसातली नवी पोरं महिन्यात पुढं गेली. तुम्ही सारखे पडता कसे?"

"वय झालं, बेटा."

आता तुम्हाला खरं सांगतो. यात गोळी लागली की माणूस लगेच मरत न्हाई, गुडघ्यावर रांगत राह्यतो. साथीदारानं येऊन उठवावं लागतं. मी पडलो की ती ओरडती, "थांबा पप्पा, आले, आले!" अन् सगळं सोडून पळत येती. एरवी फोनवर म्हणती, "सुट्टी न्हाई, दिवाळीला बघू."

एका रविवारी दुश्मनच सापडंना, मंग मी छतावरून उडी मारली. ती आली, इकडं तिकडं पाह्यलं. "पप्पा, इथं तर कुणीच न्हाई. तुम्हाला पाडलं कुणी?"

मी रांगत तिच्याजवळ सरकलो. तिनं वर छताकडं पाह्यलं अन् मला उठवलं.

काल खेळ सुरू होतो न होतो, तर तिचा आवाज. "पप्पा, मी पडले. या की."

पाह्यलं तर एका छताखाली अंगणात एकटीच रांगती, आसपास एकबी दुश्मन न्हाई. मी ओरडलो, "थांब बेटा, आलो, आलो!"

लेव्हल गेली खड्ड्यात.